वैशाखातली शाल

"तुमच्या मावशीला अमेरिकेत ते किरणांचं इंजेक्शन दिलं होतं ना, ते आपल्याकडे कुठे मिळतं हो?"

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी हे विचारलं तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. अकोल्याचं ऊन, सकाळी आठालाच डोक्यावर आलेलं. चीक गरम, सोऱ्या हातात. वहिनी पत्र्याच्या सावलीत स्टुलावर बसलेल्या, मानेभोवती पदर गुंडाळून. मागच्या वर्षी त्यांच्या मानेला गाठी आल्या. आपल्याकडे मानेला गाठ म्हटली की पहिला संशय गंडमाळेचा, म्हणजे टीबीचा. त्यांनाही सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या गेल्या. गाठी काही हलल्या नाहीत. शेवटी नागपूरला गाठीचा तुकडा काढून तपासला तेव्हा लिम्फोमा निघाला.

"चौकशी करून सांगते," मी म्हटलं. खरं म्हणजे उत्तर मला माहीत होतं. ते इंजेक्शन आता कुठेच मिळत नाही. पण असं उत्तर सोऱ्या फिरवता फिरवता कसं द्यायचं?

संध्याकाळी मी अमरावतीला आईला फोन केला आणि तिची लाल पुठ्ठ्याची वही भावाबरोबर मागवून घेतली. आई दुधाचा हिशेब लिहिणारी बाई. तिने मिशिगनमधले चार महिनेही दुधाच्या हिशेबासारखेच लिहून ठेवले आहेत. काय दिलं, किती वाजता दिलं, मावशी काय म्हणाली, काय जेवली. आज लिहिते आहे ते त्या वहीवरून, आणि नंतर मी डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजून घेतलं त्यावरून.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. अंबागेटच्या आत वाढलेली, लग्न होऊन मिशिगनला गेलेली. २००४ मध्ये तिला लिम्फोमा झाल्याचं कळलं. केमो झाली, बरं वाटलं आणि २००८ मध्ये गाठी पुन्हा आल्या. तेव्हा ती ४२ वर्षांची होती आणि तिची मुलगी सात वर्षांची. "लोकांच्या बहिणी बाळंतपणाला जातात, मी आजारपणाला गेले," असं आई अजूनही म्हणते.

लिम्फोमा हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. मान, काख, जांघ इथे आपल्या ज्या ग्रंथी असतात, त्यांत या पेशी वाढत सुटतात. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच बाई दुर्लक्ष करते. मावशीचा प्रकार संथ होता. असा आजार औषधाला दाद देतो, निघून जातो आणि काही वर्षांनी मागच्या दाराने परत येतो.

या पेशींच्या अंगावर सीडी-२० नावाची एक खूण असते. घराच्या दारावर पाटी असावी तशी. ती पाटी वाचून नेमक्या त्याच दाराशी जाऊन चिकटणारा पदार्थ म्हणजे अँटिबॉडी. एकाच जातीच्या अँटिबॉडी हव्या तितक्या कशा तयार करायच्या, ते १९७५ साली केंब्रिजला कोलर आणि मिल्स्टाईन या दोघांनी शोधलं, त्याबद्दल त्यांना १९८४ चं नोबेलही मिळालं. पुढे मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात मार्क कॅमिन्स्की आणि रिचर्ड वॉल या डॉक्टरांनी विचार केला, की पोस्टमन जर अचूक दारी जातोच आहे, तर त्याच्या थैलीत किरणोत्सारी आयोडीन का देऊ नये? पेशी जिथे असेल तिथे जाऊन किरण तिला आतल्या आत जाळतील. १९९० पासून त्यांनी रुग्णांवर प्रयोग सुरू केले. २००३ मध्ये अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली. त्याचं नाव बेक्सर.

ही अँटिबॉडी उंदराच्या पेशींपासून केलेली होती. आईने ते फोनवर आजीला सांगितलं आणि अमरावतीत हलकल्लोळ झाला. "उंदराचं औषध देतेत काय माह्या पोरीले?" आजीने विचारलं. आपल्याकडे उंदराचं औषध म्हणजे काय ते सांगायला नको. आजीला समजावता समजावता माझा त्या दिवशीचा कॉलेजचा तास बुडाला.

वहीत पहिलं पान आहे थेंबांचं. इंजेक्शनच्या आदल्या दिवसापासून मावशीला साध्या आयोडीनचे थेंब सुरू केले, दिवसातून तीनदा, संत्र्याच्या रसातून. चव गंजक्या लोखंडासारखी. हे थेंब कशाला? तर आपल्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीनची भुकेली असते. अँटिबॉडीपासून सुटलेलं किरणोत्सारी आयोडीन ती ओढून घेणार आणि स्वतःच जळणार. म्हणून तिचं पोट आधीच साध्या आयोडीनने भरून टाकायचं. बडनेऱ्याला विदर्भ एक्स्प्रेसचा जनरल डबा आधीच गच्च असला म्हणजे अकोल्याला कुणाला पाय ठेवायला जागा मिळत नाही, तसं. मोठा डोस झाल्यावरही दोन आठवडे हे थेंब चालू ठेवायचे होते. आई घड्याळ लावून द्यायची. एकही वेळ चुकलेली नाही, वहीत टिकमार्क आहेत.

मग पहिलं इंजेक्शन. आधी तापाची आणि ॲलर्जीची गोळी, मग तासभर साधी अँटिबॉडी शिरेतून, आणि त्यानंतर थोडंसंच किरणोत्सारी आयोडीन जोडलेली. मावशीला हुडहुडी भरली. सलाइनचा वेग कमी केला, पांघरूण दिलं, उतरली. नंतर तिला यंत्राखाली निजवून अंगातले किरण मोजले. त्या आठवड्यात आणखी दोनदा मोजले. प्रत्येकीचं शरीर हे आयोडीन वेगवेगळ्या वेगाने बाहेर टाकतं, म्हणून खरा डोस किती द्यायचा ते या मोजणीवरून ठरवायचं. आईने वहीत लिहिलंय, "आधी चिमूटभर मीठ घालून चव पाहतात, मग बेताने घालतात." डॉक्टरांनी मला पुढे हेच अर्धा तास समजावून सांगितलं, आईचं एका ओळीत झालं होतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मोठा डोस झाला आणि त्याच दिवशी मावशीला घरी पाठवलं. अमेरिकेत १९९७ पासून नियम सैल आहेत. आपल्याकडे किरणोत्सारी आयोडीनचा मोठा डोस दिला, तर किरण ठराविक पातळीखाली येईपर्यंत पेशंटला हॉस्पिटलातच वेगळ्या खोलीत ठेवतात.

बरोबर एक कागद दिला होता. आठ रात्री वेगळं झोपायचं. माणसांपासून सहा फुटांवर राहायचं, आणि मुलं व गरोदर बायका यांच्यापासून विशेष. मिठी नाही, पापा नाही. पाणी भरपूर प्यायचं, कारण आयोडीन लघवीवाटे जातं. संडासात दोन-तीनदा पाणी सोडायचं, हात पुन्हा पुन्हा धुवायचे. कपडे, टॉवेल वेगळे धुवायचे. ताट-वाटी वेगळी, पण धुऊन ठेवायची, फेकायची नाही. रात्रींचा हा आकडा सगळ्यांना सारखा नसतो, डोस आणि घरातली माणसं पाहून ठरतो. या आयोडीनचे किरण दोन तऱ्हेचे असतात. एक तऱ्हा अंगातल्या अंगात थोड्याशाच अंतरावर विरते, ती कामाची. दुसरी अंगाबाहेर पडते. तीच यंत्रावर मोजता येते आणि तिच्यामुळेच दूर बसावं लागतं.

ते आठ दिवस मावशीची लेक दाराच्या चौकटीत बसून तिला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायची. इंग्रजी गोष्ट, मधेच अडलं की मावशी पलंगावरून शब्द सांगायची. वेणी मात्र आई घालायची. "मम्मी घट्ट घालते, तू सैल घालतेस," ही तक्रार वहीत तीनदा आहे.

केस गळले नाहीत. उलट्या नाहीत. थोडी मळमळ आणि थकवा, बस. केमोची आठवण ताजी असल्यामुळे घरात आनंदीआनंद होता. आणि इथेच सगळ्यांची फसगत झाली, कारण या उपचाराचा त्रास त्या आठवड्यात नसतोच. तो मागाहून येतो, तेव्हा घरात कुणाचं लक्ष नसतं.

पहिला त्रास रक्ताचा. किरण हाडांतल्या मगजापर्यंतही पोचतात आणि रक्ताच्या पेशी तिथेच तयार होतात. आकडे उतरतात ते चौथ्या ते सातव्या आठवड्यात. म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं. मावशीचा पाचवा आठवडा नेमका गणपतीत आला. त्या वर्षी चतुर्थी ३ सप्टेंबरला होती. तिकडच्या मराठी मंडळींच्या आरतीला जायचं म्हणून तिने साडी काढून ठेवली होती. सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. पायांवर बारीक लाल ठिपके होते. आईला वाटलं, डास चावले. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स अगदी खाली गेलेल्या. दोनदा बाहेरून चढवाव्या लागल्या, गर्दीत जाणं बंद. महिनाभराने आकडे आपोआप वर आले. मैत्रिणींनो, उपचार कोणताही असो, केमो असो की किरण, ते न खाजणारे, बोटाने दाबल्यावर न मावळणारे ठिपके तेवढे लक्षात असू द्या.

दुसरा त्रास उशिरा आला, आणि तो आमच्या घरी, अमरावतीत आला.

२००९ च्या एप्रिलमध्ये मावशी लेकीला घेऊन माहेरी आली. गाठी नाहीशा झाल्या होत्या. आजीने ओवाळलं. पण मावशी दिवसभर झोपलेली. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जड, बोलणं संथ. वजन वाढलेलं, पोट साफ नाही, पाळी जास्त. आणि बाहेर वैशाखाची आग ओकणारी दुपार, आम्ही सगळे वाळ्याच्या कूलरसमोर, तर ही म्हणते, "कूलर बंद करा गं, मला शाल द्या."

आम्ही हसलो. आता लिहिताना लाज वाटते, पण हसलो. "अमेरिकेची सवय," कुणी म्हणालं. "दुखणं सरलं, आता जरा आळसावली," असंही एका मामीने म्हटलं. आजी तेवढी म्हणाली, "येवढ्या उन्हात थंडी वाजते म्हंजे काही तरी हाय बाप्पा." राजापेठेतल्या डॉक्टरांनी नुसतं पाहूनच थायरॉईडची तपासणी लिहून दिली. टीएसएचचा आकडा साधारण पाचाच्या आत असायला हवा, तो होता ४८. एवढे थेंब वेळेवर देऊनही थोडं आयोडीन ग्रंथीत शिरलं होतं आणि ती हळूहळू थकत गेली होती. सगळ्यांनाच असं होत नाही, पण काहींना होतं. कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी.

संध्याकाळी आईने वही काढली. शेवटच्या पानावर तिच्याच अक्षरात होतं: "दर वर्षी थायरॉईड तपासणे. कायम." लिहिलं होतं आणि विसरली होती. त्या रात्री आई जेवली नाही.

थायरॉईडची गोळी सुरू झाली आणि महिना-दीड महिन्यात मावशी परत मावशी झाली. ही गोळी अनेक घरांत आहे म्हणून सांगते. ती सकाळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्ध्या तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. आम्ही सुरुवातीला सगळ्या गोळ्या एकदम चहाबरोबर देत होतो. म्हणून आकडा लवकर उतरला नाही.

त्याच मुक्कामात चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. मावशी ओसरीवर पन्हं वाटत होती. एका बाईंचं लहान मूल तिच्या मांडीवर जाऊन बसलं, तशी त्या बाईंनी त्याला झटकन उचललं. "तिच्या अंगात किरणं असतात म्हणे," हे शेजारणीच्या कानात सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मावशी काही बोलली नाही. पन्ह्याचं तबक तिने आईच्या हातात दिलं आणि आत गेली.

मी शिक्षिका झाल्यावर एकदा आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना हे सांगितलं. (मी मराठी आणि इतिहास शिकवते, तेही अर्धवेळ. गणिताशी माझं कधी जमलं नाही.) त्यांनी फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. हे आयोडीन आठ दिवसांनी निम्मं होतं. सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी दोन आणे. शिवाय लघवीवाटे जातं ते वेगळंच. जुलैअखेरपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत नऊ महिने, म्हणजे चौतीस वेळा निम्मं. हजार कोटींतला एक भागसुद्धा उरत नाही. त्या बाईंच्या मुलाला पन्ह्यातल्या कच्च्या बर्फाचीच जास्त भीती होती.

आता वहिनींचा प्रश्न. ते औषध चांगलं नव्हतं म्हणून बंद झालं का? तसं नाही. २००५ साली कॅमिन्स्की यांनी ७६ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. हे सगळे मावशीच्याच प्रकारचे, पण आधी काहीच उपचार न घेतलेले. त्यांतल्या ९५ टक्क्यांना गुण आला, ७५ टक्क्यांच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या आणि पाच वर्षांनंतरही ५९ टक्क्यांचा आजार पुन्हा वाढला नव्हता. तरी ते खपलं नाही. एका खेपेला २५ हजार डॉलरच्या आसपास खर्च. केमो देणारा डॉक्टर वेगळा, किरणांचं औषध देण्याचा परवाना असलेला डॉक्टर वेगळा. पेशंट एकाच्या हातून दुसऱ्याकडे जायला हवा, आणि तो फारसा जात नसे. काही वर्षांनी हाडाच्या मगजाचा दुसरा आजार किंवा रक्ताचा कॅन्सर होण्याची थोडी भीती होती, ती खरीच होती. मावशी म्हणूनच दर वर्षी रक्त तपासते. आणि रिटुक्सिमॅब नावाची, किरण नसलेली अँटिबॉडी १९९७ पासून हाताशी होतीच. तिला ना वेगळी खोली लागते, ना मोजणी. शेवटी अमेरिकेत वर्षाला शंभर जणांनाही बेक्सर दिलं जाईना, आणि कंपनीने २०१४ च्या फेब्रुवारीत ते बंद केलं. झेवालिन हे त्याचं २००२ सालचं भावंड. त्यात आयोडीनऐवजी इट्रियम होतं. त्याचे किरण अंगाबाहेर फारसे येत नाहीत, त्यामुळे दूर बसण्याची बंधनं कमी. पण तेही कधी घरोघरी माहीत झालं नाही.

आपल्याकडे किरणोत्सारी आयोडीन नवीन नाही. ते तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होतं. मुंबईला परळमध्ये टाटा हॉस्पिटलच्या ॲनेक्स इमारतीत १९६३ पासून भाभा केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, आणि थायरॉईडच्या कॅन्सरला तिथे कित्येक वर्षं हेच आयोडीन देतात. ल्युटेशियम नावाचं दुसरं किरणोत्सारी द्रव्य औषधाला जोडून काही वेगळ्या गाठींवर तिथे दिलं जातं, म्हणजे पोस्टमनच्या थैलीची कल्पना मेलेली नाही. भाभा केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आयोडीन रिटुक्सिमॅबला जोडण्यावरही काम केलं आहे. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलच्या हॉस्पिटलाने तसं औषध स्वतः तयार करून रुग्णांना दिलंसुद्धा. पण उद्या सकाळी उठून अकोल्याहून जावं आणि लिम्फोमासाठी ते घ्यावं, असं ते औषध नाही.

हे सगळं मी वहिनींना त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. त्यांना नागपूरला रिटुक्सिमॅब आणि केमो चालू आहे, तेच आपल्याकडचं नेहमीचं आणि चांगलं औषध. २००७ पासून हैदराबादच्या एका कंपनीने ते आपल्या देशात तयार करायला घेतलं, म्हणून परवडण्याच्या जरा जवळ आलं. फुले जनआरोग्य योजनेबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, म्हटलं, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन.

वहिनी ऐकत होत्या. "म्हणजे मावशींना मिळालं तसं मला नाही," एवढंच म्हणाल्या.

"मावशीला २०१७ मध्ये पुन्हा गाठ आली वहिनी," मी म्हटलं. "तेव्हा तिला दिलं ते हेच, तुम्हाला चालू आहे तेच. आता साठीला आली."

बोलताना माझं लक्ष मोरीजवळच्या फळीवर गेलं. एक ताट, एक वाटी, एक पेला, बाकीच्या भांड्यांपासून वेगळे, पालथे घातलेले. मी सुनेकडे पाहिलं. "त्यांच्या औषधात किरणं असतात ना, म्हणून," ती हळूच म्हणाली. "पिंकीलाही जवळ जाऊ देत नाही." चार महिने हे चाललं होतं. मी तिला सांगितलं, की तुझ्या सासूच्या औषधात किरण नाहीतच. उलट केमोत प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून पिंकीला सर्दी-ताप असेल तेवढे दिवस तिला आजीपासून लांब ठेव. जपायचं ते आजीला, पिंकीला नव्हे. सून गप्प राहिली. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी ते ताट का वेगळं आहे हे तिला कधी विचारलंच नव्हतं.

गुरुवारी कुरडयांचा दुसरा घाणा काढला. चीक शिजला तशी पिंकी वाटी घेऊन आली. चीक-साखर घेतली आणि तशीच जाऊन आजीच्या मांडीवर बसली. वहिनींनी मला हाक मारली.

"मावशींचा नंबर द्या बरं. इंजेक्शनचं नाही विचारत. दुपारी मला फार झोप येते, त्यांना यायची का, तेवढं विचारते."

मी नंबर दिला. तिकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, पण मावशीने उचलला.